आनंदज अद्भुत

नसरापुरावरून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांच्या खोऱ्यात, भातखाचरांच्या मधोमध विंझर हे गाव आहे. त्यावर एका अंगाने तोरण्याची आणि दुसऱ्या अंगाने राजगडाची नजर असते. आणि ज्या वेल्हे तालुक्यात ते मोडते त्याचे नावही आता सरकारदप्तरी राजगड असे झाले आहे. या मुलखात अद्भुताचा तुटवडा कधी पडला नाही. तोरण्याची डागडुजी चालू असताना द्रव्याचे हंडे सापडले आणि त्या द्रव्यातून समोरच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, ही हकीकत परंपरा देवीचा प्रसाद म्हणून सांगते. राजगडाच्या सुवेळा माचीवर कड्याला आरपार पडलेले नेढे पाहणारा माणूस ते कोणी पाडले असे विचारतो, कसे पडले असे सहसा विचारत नाही. डोंगरउतारावर मधूनच एखादी देवराई उभी असते, तिच्यातली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक असतो. आणि ग्रहण लागले की ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ ही हाळी ऐकलेली माणसे अजून गावोगाव आहेत. या सगळ्या अद्भुतामागची दैवी साक्ष काढून घेतली, तर मागे विस्मय उरतो की केवळ खडक, झाडे आणि सावल्या उरतात, हा या लेखाचा विषय आहे. आणि त्यावर मराठी मुलखात गेल्या दोनशे वर्षांत जे बोलले गेले व जे करून दाखवले गेले, त्याचा आढावा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न जुना आहे आणि तो बहुधा फिर्यादीच्या स्वरूपातच दाखल होतो. १८१७ च्या डिसेंबरात लंडनमध्ये हेडन या चित्रकाराच्या घरी झालेल्या मेजवानीत कीट्स आणि लँब यांनी न्यूटनवर असा ठपका ठेवला की इंद्रधनुष्याचे लोलकात पृथक्करण करून त्याने त्यातले काव्यच नाहीसे केले. आणि पुढे १८२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘लामिया’ या काव्यात कीट्सने तीच खंत पुन्हा मांडली. आपल्याकडे हीच फिर्याद अधिक सौम्य शब्दांत, पण अधिक वेळा ऐकू येते: सगळेच जर पदार्थांच्या गुणधर्मांनी घडत असेल, तर मग हात जोडावेत कोणापुढे? वस्तुतः कीट्सच्या फिर्यादीत मुद्दल पुरावाच कच्चा होता. भाद्रपदात, मावळतीचे ऊन तोरण्याच्या बाजूने आणि पावसाची सर पूर्वेच्या अंगाला असताना विंझरच्या रस्त्यावर जे इंद्रधनुष्य दिसते, ते पाहणाऱ्याच्या डोक्याच्या सावलीच्या दिशेपासून सुमारे ४२ अंशांवर, प्रत्येक थेंबात एकदा वळून, एकदा परावर्तित होऊन, पुन्हा वळून आलेल्या प्रकाशाचे असते. आणि त्यामुळे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांना दिसणारी धनुष्ये वेगवेगळ्या थेंबांची, म्हणजे काटेकोर बोलायचे तर वेगवेगळी असतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या वाट्याला आकाशातली एक रंगीत कमान येते. ज्याला ठाऊक आहे त्याला ती कमान तर दिसतेच, शिवाय ती जगात नेमकी आपल्यापुरती उभी आहे हेही कळते. यात काव्याची तूट कोठे आली, हे न्यूटनविरुद्धच्या फिर्यादींनी कधी दाखवून दिलेले नाही.

आपल्या काव्यशास्त्राकडे वळले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती या वादात कोणी पुढे आणलेली फारशी दिसत नाही. भरताने नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय म्हणून सांगितला, त्याच्या कारणांत दिव्य जनांचे दर्शन, देवालये, माया आणि इंद्रजाल यांची गणना केली. पण त्याबरोबरच अद्भुताचे दोन प्रकार करून एकाला दिव्य आणि दुसऱ्याला आनंदज म्हटले. आनंदज म्हणजे हर्षातून उपजणारे. त्याच्या यादीत खडक किंवा काजवे नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याची दृष्टी रंगभूमीवरची होती, रानातली नव्हती. परंतु विस्मयाची सगळी मिळकत देवाच्या नावे चढलेली नसून तिच्यातला एक हिस्सा आरंभापासून स्वतंत्र खात्यावर आहे, एवढे तरी या विभागणीने सिद्ध होते. पुढचा आढावा त्या दुसऱ्या हिश्श्याचा आहे.

त्या हिश्श्यातली सर्वांत मोठी जिंदगी विंझरच्या समोरच पडलेली आहे. तोरण्याचा माथा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. आणि उन्हाळ्यात, गवत करपून कडे उघडे पडले की त्याच्या अंगावर आडव्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. प्रत्येक पट्टी हा वितळलेल्या खडकाचा एकेक लोंढा होय. हे लोंढे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वर आले, एकावर एक पसरून थंड होत गेले, आणि त्यांचा बहुतांश भाग सुमारे दहा लाख वर्षांच्या आत, म्हणजे पृथ्वीच्या हिशेबात डोळ्याचे पाते लवते तोच, साचून पूर्ण झाला. आज एवढी झीज होऊनही हा काळा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. दोन लोंढ्यांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पातळ थर सापडतो. पहिला लोंढा निवाल्यावर पुढचा येईपर्यंत जी फुरसत मिळाली तीत खडकाचा पृष्ठभाग कुजून माती झाली, आणि मग वरून आलेल्या धगीने ती भाजून निघाली. म्हणजे ज्या थराला आपण घाटरस्त्याच्या कापात सहज बोट लावतो, तो दोन अग्निप्रलयांच्या मधल्या शांततेचा दाखला आहे. लोंढ्यातले वायुबुडबुडे जेथे अडकले तेथे पोकळ्या राहिल्या, त्यांत पाझरणाऱ्या पाण्याने युगानुयुगे स्फटिक बांधले, आणि नांगराच्या फाळाला लागून जी गारगोटी वर येते ती त्या बांधकामाचा तुकडा असते. हे लोंढे वाहत होते त्याच सुमारास डायनोसोरांचा निर्वंश झाला. त्यात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि आपल्या दख्खनच्या ज्वालामुखींचा किती, यावर तज्ज्ञांमधला वाद अजून निकाली निघालेला नाही. राजगडाच्या पायऱ्या चढताना दम खाण्यासाठी ज्या दगडावर माणूस टेकतो, तो दगड या खटल्यातला संशयित आहे. सुवेळा माचीचे नेढेही याच पाषाणातल्या चिरा, त्यांत मुरणारे पाणी आणि माचीवरचा भन्नाट वारा यांनी मिळून पाडले. आणि हंड्यांची कथा जशीच्या तशी खरी धरली, तरी तोरण्याच्या पोटातला सर्वांत जुना ठेवा शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत कोणी उघडून पाहिला नव्हता, असेच म्हणावे लागते.

याच पाषाणात, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे विवर आहे. लवणासुराला विष्णूने पाताळात गाडले ती ही जागा, असे पुराण सांगते. अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा पडला, असे भूशास्त्र सांगते. २०२० च्या जूनमध्ये त्या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा शकुन-अपशकुनांच्या वार्ता पसरायला वेळ लागला नाही. परंतु पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून, पातळी खाली जाऊन खारटपणा वाढल्यामुळे त्यात मीठप्रिय सूक्ष्मजीवांची बेसुमार वाढ झाली आणि त्यांच्याच रंगद्रव्याने पाणी रंगले, असा निर्वाळा दिला. असुराचे रक्त आणि आघाताच्या खळग्यात मिठावर पोसलेली अब्जावधी जीवांची पैदास, या दोहोंत अधिक विस्मयकारक कोणते, हे ज्याने त्याने ठरवावे. मला पहिली कथा प्रिय आहे. पण दुसरीत मन जास्त वेळ रमते.

विंझर-वेल्ह्याच्या उतारांवर कारवी आहे. या मुलखातल्या घरांचे कूड पिढ्यान्‌पिढ्या तिच्या काठ्यांचे, वरून शेणमातीने लिंपलेले असत. म्हणून तिची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. ही कारवी सात वर्षे नुसती पाने काढत उभी राहते आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी सारा डोंगर एकदम जांभळा होतो. मधमाश्यांची त्या हंगामात चंगळ उडते. फुलोरा ओसरतो, फळे धरतात आणि ते झुडूप मरून जाते. सुकलेली बोंडे तशीच राहतात आणि पुढे पावसाचा ओलावा लागताच तडतड फुटून बिया उधळतात. एकाच उतारावरची लक्षावधी झुडपे सातव्या वर्षावर बरोबर कशी येतात, त्यांच्या ठिकाणी वर्षांची मोजदाद कोठे आणि कशी राहते, हे अद्याप पुरते उलगडलेले नाही. सगळ्यांनी एकदम बी टाकले की ते खाणाऱ्यांची तोंडे पुरी पडत नाहीत आणि वंश शिल्लक राहतो, ही बांबूवरून सुचलेली उपपत्ती मात्र पुष्कळांना पटते. न कळलेल्या गोष्टीपुढे देवाचे नाव लिहून ती जागा बंद करण्याची घाई ज्याला नाही, त्याला कारवीच्या प्रश्नात सात वर्षांची उमेदवारी सहज करता येईल.

काजव्यांची गोष्ट याहून पुढे गेलेली आहे. ज्येष्ठाच्या तोंडावर, पहिल्या वळवानंतर, सह्याद्रीच्या या भागात काही झाडे संध्याकाळनंतर अशी लखलखू लागतात की एक फांदी विझते तोच दुसरी पेटते, आणि काही वेळाने सबंध झाड एका तालावर येते. फ्रान्समधल्या राफाएल द्युब्वा याने १८८० च्या दशकात, प्रकाशणाऱ्या जीवांचे अर्क एकत्र करून, हा प्रकाश दोन द्रव्यांच्या संयोगाने उत्पन्न होतो हे दाखवले. त्या संयोगाची नजाकत एवढी की भाग घेणाऱ्या रेणूंपैकी जवळजवळ नव्वद टक्के रेणू एकेक प्रकाशकण देतात, असे पुढे कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत छापले जात होते. २००८ साली जपानी संशोधकांनी पुन्हा काळजीपूर्वक मोजले तेव्हा आकडा सुमारे ४१ टक्क्यांवर आला. मला या दुरुस्तीचे अप्रूप मूळ आकड्याहून अधिक वाटते. दैवी चमत्काराच्या बाबतीत असे कधी घडत नाही; तेथे पुढच्या पिढीत आकडा वाढतच जातो. आणि झाड एका तालावर येते त्यामागे कोणी म्होरक्या नसतो: प्रत्येक किडा शेजाऱ्याची लकाकी पाहून आपल्या पुढच्या लकाकीची वेळ किंचित मागेपुढे सरकवतो, आणि एवढ्या क्षुल्लक सवयीतून हजारोंचा मेळ जमतो. आज्ञा देणाऱ्यावाचून व्यवस्था कशी उपजते, हा अध्यात्मातला जुना आक्षेप होता. त्याचा जबाब ऐनाच्या झाडावर दर ज्येष्ठात नोंदवला जातो.

आता माणसांकडे वळू. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढले तेव्हापासून सृष्टिविज्ञानाचे विषय मासिकातून मराठी वाचकांपर्यंत पोचू लागले. पण त्या पहिल्या पिढीत विस्मयाची आणि ईश्वराची फारकत झालेली नव्हती. जोतीराव फुल्यांचा ‘निर्मिक’ ग्रंथांतून, भटभिक्षुकांतून आणि अवतारांतून सोडवलेला आहे. सृष्टीचे कौतुक हा त्याच्या भक्तीचा एक मार्ग उरतो. परंतु निर्मिक आहेच. ती फारकत स्पष्टपणे केली गोपाळ गणेश आगरकरांनी. १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या आणि १८९५ साली, चाळिशीही गाठण्यापूर्वी दम्याने खंगून गेलेल्या या माणसाने १८८८ पासून ‘सुधारक’ पत्रातून देवतांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उत्पन्न झाल्या याची चिकित्सा केली, प्रेतसंस्कारांचा समाचार घेतला, आणि त्याबद्दल विरोधकांनी काढलेली स्वतःच्याच प्रतिमेची प्रेतयात्रा जिवंतपणी सोसली. आगरकरांचे तर्कशास्त्र निर्दोष आहे आणि त्यांचे धैर्य पाहून मान लवते. पण त्यांच्या लेखनात आकाशाकडे मान वर करून स्तब्ध उभे राहण्याला सवड फार थोडी आहे. घर पेटलेले असताना चांदणे कोण पाहणार, हे उत्तर त्यांच्या बाजूने देता येईल आणि ते खरेही आहे. तरीही महाराष्ट्रातील बुद्धिवादाला जो वळसा पुढे पडला, त्याचा उगम मला येथे दिसतो: आपल्या बुद्धिवाद्यांनी दावा जिंकला, परंतु जत्रा भरवली नाही.

जत्रा भरवण्याची कला ज्यांना होती त्यांत पहिला मान शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा. दापोलीजवळच्या मुरूडचे हे शिक्षक, वेदांगज्योतिषापासून पंचांगांपर्यंतचा हिशेब ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ साली निघालेल्या महाग्रंथात मांडून बसले, म्हणून विद्वानांना ठाऊक आहेत. परंतु त्याआधी १८९२ साली त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक काढले आणि त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे दुसरे नाव दिले. धर्मखंडनाचा तेथे मागमूस नाही. वाचकाला अंगणात आणून उभे करायचे आणि वर काय आहे ते दाखवायचे, एवढाच उद्योग. ज्याला राहू-केतूंच्या जागी सावल्यांची भूमिती दिसू लागली, त्याच्याशी राहूविषयी भांडण करण्याचे प्रयोजनच राहत नाही, हे दीक्षितांना न बोलता उमगले होते. त्याच दशकात, प्लेगच्या सावटाखालच्या पुण्यातून, सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली दुर्बीण आणि वर्णपटमापक घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले आणि २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण त्यांनी तेथून टिपले. ग्रहणकाळी माणसे दारे लोटून बसत असताना भर माळावर उभे राहून सूर्याचे प्रभामंडल पाहणाऱ्या मंडळींत एक पुण्याचा प्राध्यापक होता, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत असावयास हवी होती.

विसाव्या शतकात या परंपरेला संस्थांचे रूप आले. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ मध्ये निघाले. १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन होऊन हौशी आकाशनिरीक्षकांना घर मिळाले. १९६६ मध्ये मुंबईस मराठी विज्ञान परिषद उभी राहिली. या संस्थांविषयी इतरत्र विपुल लिहिले गेले असल्याने येथे थांबत नाही. साहित्याच्या अंगाने मात्र दोन स्त्रियांचा उल्लेख टाळता येत नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले. त्यात एकेका महिन्याचे झाड, पाखरू आणि आभाळ येते, लोककथा आणि पुराणकथाही येतात, परंतु त्या खऱ्या मानण्याची अट वाचकावर कोठेही लादलेली नाही. कथा हीसुद्धा त्या ऋतूची एक वनस्पती आहे अशा रीतीने ती तेथे रुजते. इरावती कर्व्यांनी पालखीबरोबर पंढरीची वाट चालून त्यावर लिहिले, आणि १९६२ साली ते इंग्रजीतही प्रसिद्ध झाले. मानवशास्त्राच्या या पंडितेने दिंडीत जातवार वेगळ्या पेटणाऱ्या चुली पाहून व्यथित व्हावे, आणि तरीही त्या चालण्यातला समूहाचा आनंद मनापासून भोगावा, यात या प्रश्नाची एक बाजू उघडी पडते जिच्याकडे आपले बुद्धिवादी दुर्लक्ष करीत आले: विस्मयाला वस्तू लागते तशी सोबतही लागते, आणि सोबतीला तिथी लागते. धर्माने आषाढीची तिथी दिली; कारवीच्या सातव्या वर्षाची तिथी कोणी दिली नाही.

जयंत नारळीकरांनी हे जाणले होते असे वाटते. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेल्या, केंब्रिजची कीर्ती घेऊन परतलेल्या आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुकाची स्थापना करणाऱ्या या शास्त्रज्ञाने मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, ‘आकाशाशी जडले नाते’ लिहिले, आणि सही मागणाऱ्या शाळकरी मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा म्हणजे उत्तरासोबत सही येईल, असे सांगण्याची पद्धत ठेवली. त्यांच्याच संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काडेपेटी, सायकलची ट्यूब आणि टाकाऊ बाटल्यांतून खेळणी करून हजारो मुलांना हसतहसत पदार्थविज्ञानात ओढले. त्याच वेळी नारळीकर खंडनातही मागे राहिले नाहीत: अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साहाय्याने त्यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोन्ही प्रकारच्या मुलांच्या दोनशे कुंडल्या गोळा केल्या, त्यांतल्या प्रत्येकी चाळीस तपासून सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, आणि ती जुळण्याचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले, म्हणजे नाणेफेकीहूनही किंचित उणे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे मर्म असे की तो ज्योतिषांची थट्टा करण्यासाठी केलेला नव्हता. विचारलेला प्रश्न साधा होता आणि उत्तर काहीही आले असते तरी ते छापले गेले असते.

नरेंद्र दाभोलकरांचे कार्य सर्वांना ज्ञात आहे. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, देवाधर्माशी आमचे भांडण नसून शोषणाशी आहे ही भूमिका अखेरपर्यंत सोडली नाही, आणि २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांची हत्या झाली. त्यानंतर त्यांनी वर्षानुवर्षे मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा आला. समितीच्या चमत्कार-प्रात्यक्षिकांत नारळ पेटतो, जिभेतून तार आरपार जाते, आणि मग त्यामागची युक्ती सांगितली जाते. हे काम आवश्यक आहे, त्यासाठी प्राण गेले आहेत, आणि घरबसल्या त्यात उणे काढणे शोभत नाही. तरी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी हूल उठली आणि देशभर रांगा लागल्या. तेव्हा शास्त्रज्ञांनी पृष्ठताणाने दूध चमच्याच्या काठावरून ओढले जाऊन मूर्तीवरून ओघळते हे रंगीत दूध वापरून दाखवले, आणि प्रकरण मिटले. ते मिटायला नको होते. पाण्याच्या पृष्ठभागाला त्वचेसारखा ताण असतो, त्या ताणावर लांब पायांचा किडा गुंजवणीच्या डोहावरून न बुडता चालतो, त्याच ताणाने पावसाचा थेंब गोल होतो आणि तो गोल झाल्यामुळेच इंद्रधनुष्य वर्तुळाकार दिसते, हे सांगण्याची त्या दिवसाएवढी मोठी संधी शतकात आली नव्हती. गर्दी आयतीच जमलेली होती. युक्ती उघड झाली, आणि गर्दीला घरी पाठवण्यात आले.

मानसशास्त्राने या विषयात अलीकडे हात घातला आहे. भव्यतेचा प्रत्यय आणि जुन्या समजुतींच्या चौकटीत न मावणारा अनुभव, या दोहोंच्या मिलाफातून विस्मय उपजतो, असे डॅकर केल्टनर आणि जॉनथन हाइट यांनी २००३ मध्ये मांडले. २०१४ साली वाल्देसोलो आणि ग्रॅहॅम यांनी असे दाखवले की विस्मयकारक दृश्ये पाहिलेली माणसे पुढच्या काही क्षणांत अलौकिक शक्तींवर विश्वास ठेवायला अधिक प्रवृत्त होतात. पुष्कळ बुद्धिवाद्यांना हा निष्कर्ष आवडला नाही. मला तो उपकारक वाटतो. याचा अर्थ असा की विस्मयाच्या क्षणी मनाची जमीन भिजलेली असते आणि तीत कोणते बी पडते ते शेजारी कोण उभा आहे त्यावर ठरते. गुरव शेजारी असेल तर एक, दीक्षित असतील तर दुसरे.

आता सर्वांत अवघड हरकत, जिचे उत्तर ग्रंथांत नाही. वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून १९७६ मध्ये सह्याद्रीच्या देवरायांवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. याच वेल्ह्यातल्या पानशेतच्या परिसराविषयी गाडगीळांनी लिहिले आहे की धरणाच्या निमित्ताने रस्ते पोचले, डोंगरउतारांवरचे रान कोळशासाठी तुटले, आणि ठिकठिकाणी फक्त देवराया शिल्लक राहिल्या. गारंबीचा अजस्र वेल, बेहड्याचे आभाळाला टेकलेले झाड, बारमाही झरा, हे सगळे ज्या धाकाने टिकले तो देवाचा धाक होता. विस्मयाने एकही कुऱ्हाड अडवल्याची नोंद नाही. उलट, ज्यांना देवीचे भय नाही परंतु सृष्टीचे कौतुक आहे अशी शहरी मंडळी ज्येष्ठात काजवे पाहण्यासाठी सह्याद्रीत गाड्यांच्या रांगा लावतात, दिव्यांचे झोत टाकतात आणि ज्या ओल्या पाचोळ्यात काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खाऊन वाढतात त्यावरून जोडे घालून हिंडतात. दिव्याच्या उजेडात काजव्याला मादीची खूण दिसत नाही आणि त्या रात्रीचा मेळ मोडतो. म्हणजे आनंदज अद्भुताला उपभोक्ते मिळाले, पण दंडक मिळाला नाही. देवराईचा दंडक देवाच्या नावाने चालत आला. तसा दंडक देवावाचून चालवता येईल काय, याचे उत्तर श्रद्धावंतांनी देण्याचे कारण नाही, ते आम्ही दिले पाहिजे.

एक साधन हाताशी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक गावाने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे, आणि या नोंदवहीच्या कल्पनेमागे गाडगीळांचा पुष्कळ वर्षांचा खटाटोप आहे. गावात कोणती झाडे, कोणते प्राणी, कोणते भाताचे वाण, त्यांचे उपयोग कोणाला ठाऊक, पूर्वी काय होते आणि आता काय नाही, हे सर्व तीत यावे असा हेतू. परंतु २०२० च्या सुमारास मुदतीचा बडगा आल्यावर पुष्कळ ठिकाणी ती कंत्राटाने, एका गावची नक्कल दुसऱ्या गावाला लावून भरली गेली. वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या शाळांनी हे काम अंगावर घ्यावे, ते वर्षभराचे न ठेवता कायमचे ठेवावे, आणि आजीआजोबांना बरोबर घेऊन कारवी कोणत्या साली कोणत्या उतारावर फुलली, काजवे कोणत्या पंधरवड्यात आणि कोणत्या झाडांवर येतात, देवराईतला झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, हे मुलांनी स्वतः पाहून लिहावे. सात वर्षांनी, पुढचा फुलोरा येईल तेव्हा, पहिली नोंद करणारी मुले शाळा सोडून गेलेली असतील. म्हणून वहीची राखण मुख्याध्यापकाकडे आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात असावी, आणि काजव्यांच्या झाडाखाली ज्येष्ठात गाडी नेण्यास मनाई करणारा ग्रामसभेचा ठराव तिच्याच आधाराने करावा.